मागच्या चाकांची पकड

घटस्फोट झाला, पण भांडण असं झालंच नाही. दोघंही दमले होते. फ्रिज तिला, पुस्तकांचं कपाट त्याला, सोफा कुणालाच नको म्हणून शेजारच्यांना, असं करत करत घर वाटून झालं आणि शेवटी गाडी उरली. नवरा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघाला होता, तिथे गाडी उभी करायला जागा नव्हती. तिला दवाखान्यात जायला-यायला काहीतरी लागणारच होतं. तेव्हा लांब नाकाची, दोन दारांची, पोट जमिनीला टेकेल की काय असं वाटणारी ती बुटकी गाडी तिच्या वाट्याला आली. तिने ती मागितली नव्हती. तिचा डोळा खरं म्हणजे कपडे धुण्याच्या मशीनवर होता.

ती फिजिओथेरपिस्ट होती. पडलेल्या, मोडलेल्या, शस्त्रक्रियेतून उठलेल्या माणसांना पुन्हा पायावर उभं करणं हे तिचं काम. दिवसभर तिच्या तोंडी एकच पाढा असायचा: डावा पाय टेकवा, आता वजन त्यावर घ्या, घाई नको. आणि संध्याकाळी ती ज्या गाडीत बसायची, तिला घाईशिवाय दुसरं काही येतच नव्हतं.

गाडीचं इंजिन पुढे आणि सगळी ताकद मागच्या चाकांना. नवऱ्याने हौसेने इंजिन आणखी तगडं करून घेतलं होतं, गाडी खाली बसवली होती, स्प्रिंगा बदलून दगडासारख्या कडक केल्या होत्या. कोरड्या रस्त्यावर ती नीट चालायची. रस्ता जरा ओला असला की तिचा मागचा भाग मनाला येईल तिकडे निघायचा. सिग्नल सुटला की मागची चाकं जागच्या जागी फिरत किंचाळायची, फुटपाथवरचे लोक माना वळवून बघायचे, आणि आत बसलेल्या तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दवाखान्यात तर तिचं नावच ‘शर्यतवाल्या बाई’ पडलं होतं.

विकून टाक, असं सगळ्यांचं म्हणणं. बहिणीचं, शेजारणीचं, दवाखान्यातल्या डॉक्टरांचं. ती ‘बघते’ म्हणायची आणि बघायची काहीच नाही. संसार चालू होता तोवर नवऱ्याने या गाडीचं स्टिअरिंग तिच्या हातात कधी दिलं नव्हतं. तुला झेपायची नाही, म्हणायचा. आता रोज सकाळी ती आत बसून दार लावून घ्यायची, आणि दवाखाना येईपर्यंत मान तिरकी करून ‘कशी आहेस गं’ असं विचारणारं कुणी नसायचं. गाडी तिला आवडायला लागली होती. हे सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं, म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही.

शनिवारी सासरे यायचे. कायद्याने ते आता तिचे कुणी नव्हते, पण गोष्ट सांगायची तर काहीतरी म्हणायला हवं, म्हणून सासरेच म्हणू. जन्मभर त्यांनी लोकांच्या कवळ्या बनवल्या होत्या. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे आणि हे मागच्या खोलीत बसून, घासून तासून, कवळी तयार करायचे. बारीक चणीचे, हळू बोलणारे गृहस्थ. मुलाचं राहिलेलं सामान न्यायला म्हणून ते येत. सामान एका टॅक्सीत मावेल एवढंच होतं, पण ते एका खेपेला एकच वस्तू नेत. एकदा टेबल-लॅम्प, एकदा बुटांची जोडी, एकदा तर नुसती पट्टी-पेन्सिलची पेटी. चहा घेत, खिडकीच्या बिजागरीला तेल घालत, आणि ‘बाकीचं पुढच्या वेळी’ म्हणून उठत. सगळं एकदम घेऊन जा, असं तीही कधी म्हणाली नाही.

अडचण एकच होती. हाक काय मारायची? इतकी वर्षं ती त्यांना बाबा म्हणत आली होती. आता बाबा म्हणणं म्हणजे हक्क सांगितल्यासारखं, आणि काका म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावल्यासारखं. म्हणून ती हाकच मारत नसे. एकदा स्वयंपाकघरातून ‘अहो, ऐकलंत का’ असं तिच्या तोंडून निघून गेलं आणि दोघंही अवघडले. मग सासरे म्हणाले की अशी हाक त्यांच्या घरीसुद्धा कुणी मारत नाही, तिथे थेट ‘कुठे तडमडलात’ असं विचारतात. ती खूप दिवसांनी पोट धरून हसली.

अशाच एका शनिवारी भुरभुर पाऊस होता, म्हणून ती त्यांना त्यांच्या घराखालच्या चढापर्यंत सोडायला निघाली. त्या खेपेला त्यांच्या मांडीवर भिंतीवरचं घड्याळ होतं. मोठ्या चौकातल्या गोलाला वळसा घालून बाहेर पडताना तिने ॲक्सिलरेटर जरासा दाबला. गाडीचं शेपूट बाहेर निघालं. तिने घाबरून पाय उचलला, तर ते उलट्या बाजूला फेकलं गेलं, आणि गाडी गर्रकन फिरून आल्या दिशेला तोंड करून उभी राहिली. समोरून येणारी बस हातभर अंतरावर थांबली. बसच्या ड्रायव्हरने हॉर्नसुद्धा वाजवला नाही. तो नुसता बघत राहिला.

सासऱ्यांनी घड्याळ छातीशी धरलं होतं. जरा वेळाने ते शांतपणे म्हणाले, “आपण परत घरी चाललोय का?”

तिला हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं. ते रडू गाडीसाठी नव्हतं, हे त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी गाडीबद्दल काही विचारलं नाही. हात बाहेर काढून त्यांनी बसवाल्याला थांबण्याची खूण केली, तिला गाडी कडेला घ्यायला लावली आणि रुमाल पुढे केला. विकते मी ही गाडी, असं ती रुमालातूनच म्हणाली.

“तुला विकायची आहे का?”

“नाही.”

“मग घसरते कशाने, ते बघू.”

सासऱ्यांना गाडीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. पण त्यांचा पहिला तर्क तिलाही पटला. मागची चाकं घसरतात, म्हणजे मागे वजन कमी पडतंय. पुढच्या शनिवारी त्यांनी डिकीत वाळूच्या गोण्या भरल्या आणि बाजाराच्या रिकाम्या मैदानात गाडी नेली. सरळ निघताना चाकं खरंच कमी किंचाळली, आणि सासऱ्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मग तिने वळण घेतलं. जड झालेलं शेपूट लोलकासारखं असं काही झुललं की गाडी फिरली ती थांबेचना. एक गोणी फुटली. घरी जाऊन दोघांनी संध्याकाळपर्यंत गालिच्यातली वाळू झाडली, आणि तो उपाय तिथेच संपला.

मग ते गाड्या सजवणाऱ्या एका मोठ्या दुकानात गेले. काचेची भिंत, कॉफीचं मशीन, भिंतीवर टांगलेली चकचकीत चाकं. तिथल्या माणसाने गाडीखाली न वाकताच काय काय लागेल ते धडाधड सांगितलं: रुंद चाकं, परदेशी सस्पेन्शन, आणि डिकीवर एक पंख. सासऱ्यांनी पंख कशाला म्हणून विचारलं. वेगात असताना हवा त्यावर दाबते आणि गाडी जमिनीला चिकटून राहते, असं उत्तर आलं. सासरे म्हणाले की गोलावर आम्ही सायकलच्या वेगाने होतो. त्यावर त्या माणसाने कॉफीचे कप पुढे केले. कॉफी मात्र चांगली होती. ती पिऊन दोघं बाहेर पडले.

शेवटी दवाखान्यातल्या एका पेशंटने ‘सावकाश’कडे जा म्हणून सांगितलं. त्याचं खरं नाव लोक विसरून गेले होते. वेल्डिंगच्या दुकानांच्या गल्लीत शेवटी त्याचं गॅरेज होतं. अंगाने भरलेला, अर्धे केस पिकलेला माणूस. काम कधी होईल विचारलं की ‘सावकाश’, बिल कधी देऊ विचारलं तरी ‘सावकाश’. त्याने इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मागच्या टायरपाशी बसला आणि रबरात अंगठ्याचं नख रोवून पाहिलं. नख रुतलं नाही. नक्षी शाबूत आहे पण रबर मेलंय, तो म्हणाला. टायर दिसायला नवे आणि वयाने म्हातारे. मग गाडी वर उचलून त्याने मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा एक जाड दांडा दाखवला. वळणावर गाडी कलंडू नये म्हणून असा दांडा प्रत्येक गाडीला असतो, पण हा नको तितका जाड होता. गाडी कलायला लागली की तो आतल्या बाजूचं चाक सोबत वर ओढायचा.

ती गाडीखाली वाकून बघत होती. “म्हणजे वळणावर आतल्या पायावर वजनच येत नाही,” ती म्हणाली.

“पाय नाही, चाक.”

“तेच ते. आणि या कडक स्प्रिंगा म्हणजे न वाकणारे गुडघे. ज्याचा गुडघा वाकत नाही त्याचा तळवा नीट टेकत नाही. ओल्या फरशीवर पहिला तोच घसरतो.”

सावकाशने हातातला पाना खाली ठेवला आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्याने आपली एकच अट सांगितली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलली की गाडी चालवायची, काय फरक पडला ते त्याला येऊन सांगायचं, मगच पुढची. सगळं एकदम बदललं तर गुण कशाने आला ते कळत नाही आणि नको तिथे खर्च होतो. ती पेशंटना हेच सांगत असे, त्यामुळे तिला ही अट ऐकून बरंच वाटलं.

तिथून त्यांच्या शनिवारांना कामच मिळालं. आधी टायर बदलले, फार भारी नव्हेत पण मऊ रबराचे, आणि हवा नवऱ्याने ठरवली होती त्यापेक्षा जरा कमी ठेवली. तेवढ्यानेच अर्धं किंचाळणं थांबलं. मग दांडा आणि स्प्रिंगा. नव्या कुठून आणायच्या याचा विचार चालू असताना सासऱ्यांना आठवलं की मुलाने काढलेल्या मूळच्या स्प्रिंगा आणि मूळचा दांडा तिच्या घराच्या माळ्यावरच पडले आहेत. अजून न्यायच्या राहिलेल्या सामानात.

“बघ,” ते म्हणाले, “मी एकेक वस्तू नेत होतो ते बरंच झालं.” असं बोलून ते स्वतःच लाजले, आणि ती माळ्यावर चढायला शिडी आणायला गेली.

त्यानंतर मागच्या दांड्यांच्या सांध्यातले रबरी बुश, म्हणजे धक्का झेलणाऱ्या छोट्या गाद्या, खराब निघाले. ते चिरले होते, त्यामुळे जोर आला की चाकं किंचित तिरकी व्हायची. सासऱ्यांनी दातांच्या ब्रशने सगळे सांधे घासून असे लख्ख केले की सावकाशने शेजारच्या वेल्डरला बोलावून दाखवले. एक बुश सासऱ्यांना वाकडा बसलेला वाटला. कवळी अशी बसली असती तर पेशंट जेवायचा थांबला असता, असं म्हणून त्यांनी तो पुन्हा काढायला लावला. काढून पाहिलं तर तो सरळच होता. सावकाशने तो निमूटपणे परत बसवला आणि त्या दिवशीच्या चहाचे पैसे सासऱ्यांना द्यायला लावले. शेवटी मागची चाकं, जी चुकून बाहेरच्या बाजूला तोंड फिरवून बसली होती, ती यंत्रावर मापून किंचित आत वळवून घेतली.

प्रत्येक कामानंतर दोघं मैदानात जात. रात्रीच्या पावसाने तिथे तळी साचलेली असत. ती गाडी गोल गोल फिरवायची आणि सासरे शेजारी अर्धा भरलेला पाण्याचा पेला घेऊन बसायचे. पहिल्या दिवशी त्यांची पँट भिजली. हळूहळू पाणी पेल्यातच राहायला लागलं. तिला हळूहळू गाडीची भाषा कळायला लागली: पायाखालचा जोर कधी वाढवायचा, वळण अर्धं उलगडेपर्यंत कशी वाट बघायची, शेपूट सुटलंच तर पाय झटकन न उचलता स्टिअरिंग कसं त्याच्यामागे न्यायचं. झेपत होती. मजेत झेपत होती.

एक गोष्ट मात्र राहिली. ओल्या चढावर थांबून पुन्हा निघायचं म्हटलं की एक मागचं चाक अजूनही जागेवर फिरायचं. सासऱ्यांचं घर एका उभ्या चढाच्या माथ्यावर होतं आणि पावसात ती गाडी तिथे कधीच चढली नव्हती. सावकाशने कारण सांगितलं. मागच्या दोन चाकांच्या मध्ये एक डबा असतो, डिफरन्शिअल. तो इंजिनाची ताकद दोघांत वाटतो. पण साध्या डिफरन्शिअलची खोड अशी की एक चाक घसरायला लागलं की सगळी फिरकी त्यालाच जाते. ज्याने जमीन घट्ट धरून ठेवली आहे, ते बिचारं नुसतं उभं राहतं.

सासरे बराच वेळ त्या डब्याकडे बघत राहिले. “आमच्या घरासारखंच झालं,” ते म्हणाले. “जो घसरतो, सगळं त्याच्याच मागे धावतं.”

ते मुलाबद्दल बोलतायत, हे तिला कळलं. सावकाशला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. तो सांगत होता की ताकद दोन्ही चाकांना देणारं डिफरन्शिअलही मिळतं. नवीन परवडायचं नाही, पण याच जातीची एखादी ठोकलेली गाडी भंगारात मिळाली तर काम होईल.

तशी गाडी मिळाली. नाक पार चेपलेलं, मागचा भाग धडधाकट. भंगारवाल्याने डबा सोडवून ठेवला आणि तो जेवायला गेला. त्याची वाट बघण्याऐवजी दोघांनीच तो उचलून डिकीत ठेवला. चांगला जड होता. ठेवून झाल्यावर सासरे जरा वेळ तसेच वाकून उभे राहिले, मग हळूहळू सरळ झाले आणि निघू या म्हणाले.

सासरे घरी काय सांगून येत, हे तिला ठाऊक होतं, आणि ते तिला मनातून खात होतं. शनिवारी आपण पोहायला जातो, असं सासऱ्यांनी सासूबाईंना सांगितलं होतं. निघण्याआधी ते तिच्या न्हाणीघरात टॉवेल नळाखाली धरून भिजवत, पिळत आणि पिशवीत घालत. घटस्फोटानंतर सासूबाईंनी सुनेचं नाव एकदाही काढलं नव्हतं. सासरच्या घराची जी किल्ली तिच्याकडे असायची, ती तिने वकिलामार्फत परत पाठवली होती. तेव्हापासून त्या घरात तिचा विषय बंद होता.

डिफरन्शिअल सावकाशने आठवड्याच्या मधल्या वारी बसवलं. त्याच संध्याकाळी पाऊस लागला. सिग्नल हिरवा झाला, तिने पाय दाबला, आणि गाडी नुसती निघाली. मागून कुणीतरी पाठीला तळवा लावून पुढे ढकलावं तशी. फुटपाथवरच्या एकाही माणसाने मान वळवली नाही. तिने घरी पोचल्या पोचल्या सासऱ्यांना फोन केला. कुणी उचलला नाही.

शनिवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाहीत. फोन वाजत राहायचा. तिने माळ्यावर चढून पाहिलं, तर मुलाचं सामान संपलं होतं. एक जुनी छत्री तेवढी उरली होती. आधी तिला राग आला. मग वाटलं, बरोबरच आहे; गाडी झाली, सामान झालं, आता त्या माणसाने कशाला यावं? आपण कोण लागतो? भांडी घासताना हा विचार तिला इतका लागला की तिने नळ बंद केला, छत्री उचलली आणि खाली उतरून गाडीत बसली.

चढ पाण्याने चकाकत होता. मध्यावर एक दूधवाला सायकल ढकलत होता, म्हणून तिला थांबावं लागलं. तिने श्वास घेतला, वजन मागे बसू दिलं आणि हलके हलके पाय दाबला. चाकांनी क्षणभर रस्ता चाचपला आणि धरला. माथ्यावर पोचली तेव्हा पहिल्या मजल्याच्या खिडकीचा पडदा हलला.

दार सासूबाईंनी उघडलं. त्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या होत्या. उभी हयात कानाला हेडफोन लावून लोकांचे आवाज ऐकण्यात गेल्यामुळे समोरच्याने तोंड उघडलं की थाप कुठे सुरू होते ते त्यांना कळायचं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, हातातल्या छत्रीकडे पाहिलं.

“ये,” त्या म्हणाल्या. “आतल्या खोलीत आहेत. पोहताना कंबर धरली म्हणे.”

सासरे कुशीवर पडले होते. ती दिसताच त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि कळवळून परत पडले. फोन कपाटावर होता, जिथे त्यांचा हात पोचत नव्हता. आणि तो आणून दे म्हणून सांगायची सोय नव्हती, कारण कुणाला करायचाय, हा प्रश्न आला असता. तिने पलंगापाशी बसून त्यांच्या पाठीवर बोटं फिरवली, पाय वाकवून पाहिले. हाड शाबूत होतं, स्नायू आखडला होता. कसं झालं म्हणून तिने सवयीने विचारलं. भिंतीकडे बघत ते म्हणाले, पोहताना.

“उताणे पोहत होते की पालथे, तेही विचार,” दारातून सासूबाई म्हणाल्या.

 मग तिने सांगून टाकलं. “माझ्या गाडीचं डिफरन्शिअल उचललं त्यांनी. मीच बरोबर होते. मी उचलू द्यायला नको होतं.”

“मला त्या डब्याचं नाव ठाऊक नव्हतं,” सासूबाई म्हणाल्या. “बाकी सगळं ठाऊक होतं. तलावावरून आलेल्या टॉवेलला औषधाचा वास येतो. यांच्या टॉवेलला तुझ्या साबणाचा यायचा. आणि पोहून आलेल्या माणसाच्या नखांत ग्रीस कसं असेल?”

सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. तिने त्यांना पालथं केलं, पोटाखाली उशी दिली, गरम पाण्याची पिशवी मागितली. पिशवी आणायला दोघी स्वयंपाकघरात गेल्या. पाणी तापेपर्यंत दोघी ओट्यापाशी उभ्या होत्या, एकमेकींकडे न बघता.

सासूबाईच बोलल्या. “हे जात होते ते मला आवडत होतं. घरातलं कुणीतरी जातंय म्हटलं. पण मला कुणी विचारलं का, तू येतेस का म्हणून? मला चालेल की नाही, ते तुम्ही दोघांनीच ठरवलंत. गाडीखाली बसून.”

“मला वाटलं, तुम्हाला माझं तोंड बघायचं नसेल.”

“किल्ली पाकिटातून आली तुझी. वकिलाचा शिपाई घेऊन आला. मी सही करून घेतली, जसं रजिस्टर पत्र घेतात.”

“समोर आले असते तर तुम्ही दार उघडलं नसतं, अशी भीती वाटली.”

“मग वाजवून बघायचं होतं,” सासूबाई म्हणाल्या. आयुष्यभर ठणठणीत राहिलेला तो आवाज शेवटच्या शब्दावर फाटला. त्यांनी घाईघाईने पातेल्यात डोकावून पाहिलं, पाण्याला उकळी फुटली का म्हणून.

“चुकलं माझं, आई,” ती म्हणाली. हाक आपोआप निघून गेली. सासूबाईंनी तिच्याकडे पिशवी दिली आणि नीट धर, भाजेल, एवढंच म्हणाल्या.

सासऱ्यांना शेक देऊन झाल्यावर कमरेचा पट्टा आणायला औषधांच्या दुकानात जायला हवं होतं. सासूबाईंनी न विचारता चपला घातल्या. गाडीत बसायला त्यांना खूप वाकावं लागलं. हे काय, बाथटबमध्ये बसवतेस का मला, म्हणाल्या. उतारावरून जाताना त्यांनी दाराचं हँडल घट्ट धरून ठेवलं होतं. परत येताना चढाच्या मध्यावर हात सोडला आणि विचारलं की नेमकं काय केलंत तुम्ही हिला. तिने टायरपासून सुरुवात केली. घराशी पोचूनही ते सांगणं संपलं नव्हतं, म्हणून दोघी पावसात गाडीतच बसून राहिल्या. वरच्या पलंगावर सासरे कान देऊन होते. चाकं किंचाळल्याचा आवाज त्यांना जाताना ऐकू आला नाही आणि येतानाही नाही. पण दोघी वर का येत नाहीत, हे काही त्यांना कळेना.

मुलाला सांगायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. रविवारी त्याचा फोन आला तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं. तो दुखावला. माझ्या पाठीमागे तुम्ही तिची बाजू घेतलीत, म्हणाला. बाजू कुणाची घेतली नाही, चहा घेतला, असं सासूबाईंनी उत्तर दिलं. मग बरेच दिवस त्याचा फोन आला नाही, आणि त्या घरात सगळे एकमेकांशी जरा जास्तच मऊ बोलत राहिले. शेवटी फोन आला तो वडिलांसाठी. कमरेची चौकशी झाली. मग थोडं थांबून त्याने विचारलं, की गाडी चढावर खरंच चढते का. सासऱ्यांनी सगळं बैजवार सांगितलं.

“माझ्या जुन्या स्प्रिंगा घातल्या?”

“तुझ्याच.”

“मला कुणीच सांगितलं नव्हतं की त्या चांगल्या होत्या,” तो म्हणाला. त्याचा आवाज लहान झाल्यासारखा वाटला. सासऱ्यांनी त्याला जेवलास का म्हणून विचारलं.

सासऱ्यांची कंबर हळूहळू सुटली. तिने त्यांना व्यायाम नेमून दिले आणि सासूबाईंनी ते लष्करी शिस्तीने करवून घेतले. पोहणं खरोखरच चांगलं, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांना खरोखरच तलावावर जावं लागलं, आणि पाणी थंड असतं अशी तक्रार ते आता दर आठवड्याला करतात.

शनिवारी तिघं मैदानात जायला लागले. सासरे मागच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसत; ती सीट माणसासाठी नव्हतीच. अशाच एका सकाळी, मैदान ओलं असताना, सासूबाई म्हणाल्या की गाडी थांबव. त्या उतरल्या, पुढून वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला आल्या आणि तिला सरक म्हणाल्या. त्यांनी जन्मात कधी स्टिअरिंग धरलं नव्हतं. एक्स्चेंजमध्ये होते तेव्हापासून मनात होतं, म्हणाल्या, पण शिकवणारं कुणी भेटलं नाही.

सासऱ्यांनी मागून काही सुचवायला तोंड उघडलं.

“तुम्ही उतरा,” सासूबाई म्हणाल्या. “तुमची कंबर नाजूक आहे.”

ते मुकाट्याने उतरले आणि मैदानाच्या कडेला छत्री उघडून उभे राहिले. गाडी एकदा उडी मारून बंद पडली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद पडली. मग ती निघाली, मुंगीच्या पावलांनी, तळ्यातून पाणी उडवत, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे ती वळली. काचेतून दोन डोकी दिसत होती, एक सारखं बोलत होतं आणि दुसरं मान हलवत होतं. कोणतं कोणाचं, ते एवढ्या लांबून सासऱ्यांना ओळखू येत नव्हतं.